कवठोलीचा हरलोबा

बसा, बसा. पुढच्या पोरांनो, खाली बसा रे, मागच्यांना दिसू द्या. तसं दिसण्यासारखं काही नाही. मी एक म्हातारा आणि माझ्या पाठीशी हा दगड. पण गोष्ट दगडाचीच आहे, म्हणून तो दिसलेला बरा. हुतुतूचा सामना सुरू व्हायला अजून अवकाश आहे. आसरवाडीचे गडी अजून जेवतायत म्हणे. जेवू देत पोटभर, पळताना कळेल. तोवर ऐका. मध्ये बोलायचं नाही. ज्याला काही म्हणायचं असेल त्यानं शेवटी म्हणावं, मी ऐकून घेईन.

तर त्याला झाली कितीतरी वर्षं. तेव्हा या ओढ्यावर पूल नव्हता, शाळा नव्हती, आणि माझ्या आज्याच्या आज्याला अजून मिसरूड फुटलं नव्हतं. कवठोली तेव्हाही इथेच होती आणि ओढ्यापलीकडे आसरवाडीही तिथेच होती. पण मुलखात आपल्या गावाला कुणी नुसतं कवठोली म्हणत नसे. रडीची कवठोली म्हणत. का? तर या गावात कुणी हरतच नसे.

हसू नका, खरंच सांगतो. म्हणजे डाव हरायचे हो, सगळीकडे हरतात तसे. पण ‘हरलो’ असं तोंडानं कुणी म्हणायचं नाही. गोट्यांत हरला तर म्हणायचा, खड्डा वाकडा खणला होता. विटीदांडूत हरला तर विटीच फुटकी होती. शर्यतीत हरला तर ऊन डोळ्यांवर आलं होतं, आणि ऊन नसलं तर नेमके तेव्हाच ढग आले होते. बायका काही कमी नव्हत्या. फुगडीत जिचा पाय आधी थांबायचा ती म्हणायची, मी थांबले नाही, मला हिची दया आली.

चावडीत सोंगट्यांचा पट मांडलेला होता. खेळणारे दोघे, धोंडू कुंभार आणि मालू तेली. धोंडूची शेवटची सोंगटी अडकली आणि तो हरणार हे आंधळ्यालाही दिसायला लागलं. तसा धोंडू उठला. ‘जरा गाढव बांधून येतो’ म्हणाला, आणि गेला तो गेलाच. मालू म्हणाला, डाव मोडायचा नाही, तो येईल. त्यानं पटावर टोपली पालथी घातली. दोघांना नातवंडं झाली तरी टोपली तशीच होती, असं म्हणतात. चावडी झाडणारा टोपलीच्या कडेकडेनं झाडायचा.

असे अर्धे राहिलेले डाव गावभर पडलेले. आणि त्याचं फळही गाव भोगत होतं. गावात कुणाला गाढ झोप म्हणून लागत नसे. माणसं पाणीसुद्धा थांबून थांबून पीत, जसं काही घशात आधीच काहीतरी बसलंय. पाहुणे विचारायचे, ‘तुमच्या गावच्या पाण्याला काही बाधा आहे का?’ गाव म्हणायचं, पाणी चांगलं आहे, तुमचा तांब्या खराब असेल.

अशा या गावात, चैतातल्या जत्रेच्या दिवसांत, सिदोजी जन्मला. इथेच जन्मला, याच मातीत. आसरवाडीवाले म्हणतात तो आमच्याकडचा. त्यांचं काय घेऊन बसलात, ते उद्या सूर्यही आमच्याच परसात उगवतो म्हणतील. त्याची आई आसरवाडीची लेक होती, एवढाच काय तो त्यांचा संबंध. लग्नानंतर कितीतरी वर्षांनी नवसानं झालेलं तिचं हे पहिलंच पोर. लाडाचं, हट्टी, आणि दमाचं असं पक्कं की विचारू नका.

आता हुतुतू तुम्ही सगळे खेळता, पण त्या कोपऱ्यात शहरातले पाहुणे बसलेत, त्यांच्यासाठी सांगतो. एका गड्यानं ‘हुतुतू हुतुतू’ म्हणत एका दमात रेघेपलीकडे जायचं, तिकडच्यांना हात लावायचा आणि दम न तोडता परत यायचं. ज्याला हात लागला तो मेला. पण परत यायच्या आत दम तुटला, तर आपणच मेलो. आमच्या सिदोजीचा दम म्हणजे काय सांगू! तो दम धरून पलीकडे गेला की देवळातली घंटा आपोआप किणकिणायला लागायची. त्याचा दम संपायच्या आत बाईचं दळण संपायचं, असं म्हणतात. जत्रेतला हुतुतू तो दरसाल जिंकायचा, आणि जिंकणाऱ्या गावाच्या खांद्यावर बोरजाई देवीची पालखी आधी चढायची. तो मान आसरवाडीला कधी मिळालाच नाही.

आणि हा दगड. तेव्हा याला नाव नव्हतं, शेंदूर नव्हता, काही नव्हतं. रानातून वैरणीचा भारा डोक्यावर घेऊन येणारा माणूस इथे थांबायचा. बघा, खांद्याइतका उंच आहे, डोक्यावरचं ओझं सरळ यावर सरकवता येतं. पण एकट्याला ते नीट जमत नाही. म्हणून जो कुणी जवळ असेल त्याला हाक मारायची, ‘जरा हात लावा हो!’ तो हात लावायचा, भारा उतरायचा, आणि माणूस दगडाला पाठ टेकून म्हणायचा, ‘दमलो, बा!’ या दगडाचं काम तेवढंच होतं.

सिदोजीला एक लेक होती, ठकू. बायको सगुणा. घर तिघांचं, खाऊनपिऊन सुखी. सिदोजीनं लेकीला चालायला शिकवलं, पोहायला शिकवलं, आणि एक गोष्ट मांडीवर घेऊन पुन्हा पुन्हा शिकवली: ‘हरलो हा शब्द आपल्या घरात नाही. तो आपण शिकायचाच नाही.’ पोर बापाची. ती तो खरंच शिकली नाही. सागरगोटे खेळायला बसली की उरलेल्या पोरी आपले गोटे उचलून घरी जायच्या, इतका तिचा हात साफ होता.

पण एक दिवस शेजारच्या बनूनं तिला हरवलं.

बनू काही मोठी खेळणारी नव्हती. नाक पुसत पुसत खेळायची. पण त्या दिवशी तिचा हात लागून गेला. ठकूनं बघितलं, बनूचा हात हलला नव्हता. गोटा फुटका नव्हता. जमीन सपाट होती. ऊन डोळ्यांवर नव्हतं आणि आभाळात ढगही नव्हता. बोट दाखवायला जागाच नाही! ‘हरलीस,’ बनू म्हणाली. ठकूनं तोंड उघडलं. पोटातून शब्द वर आला, पण घशाशी येऊन थांबला, कारण तो शब्द त्या घरातला नव्हता. पोरीनं तसंच तोंड मिटलं.

झालं. त्या दिवसापासून ठकूच्या तोंडून शब्द फुटेना आणि घशाखाली घास उतरेना. भाकरी कुस्करून दिली, उतरली नाही. पेज दिली, नाही. कापसाच्या वातीनं दुधाचे थेंब सोडायचे, तेवढ्यावर पोर जगायला लागली. वैदू आला, त्यानं पाला चोळला. मांत्रिक आला, त्यानं लिंबू कापलं आणि कोंबडं घेऊन गेला. ठकू वाळत चालली. सगुणा तिला उचलायची तेव्हा तिला रडू यायचं, कारण उचलायला जोरच लागेनासा झाला होता.

मग कुणीतरी लाडी सुईणीला बोलावलं. लाडी तोंडाची फटकळ, पण मायाळू बाई. तिनं ठकूच्या गळ्यावरून हात फिरवला, तोंड उघडून आत बघितलं, आणि हात पुसत बाहेर आली.

‘काटा न्हाई, गाठ न्हाई,’ लाडी म्हणाली. ‘पोरीच्या घशात शब्द अडकलाय.’

‘कंचा शब्द?’ सगुणानं विचारलं.

‘जो तुमच्या घरात न्हाई, त्यो.’

सिदोजी उंबऱ्यात उभा होता. त्याचं तोंड उतरलं. ‘मग काढ की बाहेर. सगळ्या गावाची पोरं काढतीस तू.’

‘पोरं काढते बाबा, शब्द न्हाई काढत. त्यो तिचा तिलाच काढायचाय. पर कसा काढंल? कधी ऐकलाय का तिनं तुझ्या तोंडून? आई जेवती ते बघून पोर जेवायला शिकतं. तुझ्या घरात हे कुणी केलंच न्हाई.’ असं म्हणून लाडीनं पदर खोचला आणि ती निघून गेली.

सिदोजी काही दगडाच्या काळजाचा नव्हता. संध्याकाळी तो ठकूच्या अंथरुणाशी सागरगोटे घेऊन बसला. ‘चल गं, एक डाव.’ ठकूनं कशीबशी उठून गोटे झेलले. सिदोजीनं आपल्या पाळीला मुद्दाम हात ढिला सोडला. गोटे घरंगळले. तो मोठ्यानं म्हणाला, ‘अरेच्या! बाप हरला की गं तुझा!’ आणि हसून दाखवलं. ठकूनं बापाकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड करून निजली. अहो, मुद्दाम हरलेलं पोरांना कळतं. तुम्हाला वाटतं कळत नाही, पण त्यांना सगळं कळतं.

म्हणजे आता खरंच हरायला पाहिजे. सिदोजी निघाला हरायला. विचित्र गोष्ट बघा, अख्ख्या मुलखात जिंकायला निघालेली माणसं पुष्कळ, पण हरायला निघालेला हा एकटाच! तो कुंभारवाड्यात गेला, तेलीआळीत गेला, धनगरांच्या वाड्यावर गेला. गोट्या खेळला, विटीदांडू खेळला, धावला. आणि जिंकत गेला. हरायची वेळ आली की त्याचा हातच ऐकायचा नाही. डोकं म्हणायचं सोड, हात म्हणायचा पकड. जन्मभराची खोड ती, एका दिवसात जाते होय? रोज संध्याकाळी तो जिंकून घरी यायचा आणि खाली मान घालून बसायचा. सगुणा त्याला बोलायची नाही. तिच्याही घशात काहीतरी असायचंच.

अशात जत्रा आली. ठकू आता सुपाएवढी हलकी झाली होती. पालखी परत देवळात येईपर्यंत पोर काही टिकत नाही, असं बायका आडून कुजबुजायला लागल्या. सिदोजी म्हणाला, मी यंदा खेळत नाही. पाटील घरी आला, पंच घरी आले, गाव दारात येऊन बसलं. शेवटी सगुणाच म्हणाली, ‘जावा. पर पोरीला बी घेऊन चला. घरात पडून ती काय बघणार, आढं?’ म्हणून सगुणानं ठकूला वाकळेत गुंडाळलं आणि इथे, या दगडाच्या सावलीला, मांडीवर घेऊन बसली. इथून रेघ किती जवळ आहे, तुम्हीच बघा.

सामना सुरू झाला. आसरवाडीनं त्या साली एक नवा गडी आणला होता, म्हाळू नावाचा. काळा, उंच, लुकडा. कमरेला पोटलीत गूळ-शेंगदाणे बांधून खेळायचा, मध्येच एखादा दाणा तोंडात टाकायचा. आपल्या गावाला त्याचं हसू आलं. पण त्या लुकड्यानं आपले गडी एकेक करून मारले. शेवटी कवठोलीकडून एकटा सिदोजी उरला आणि आसरवाडीकडून म्हाळू धरून तिघं. पाळी सिदोजीची. त्यानं माती कपाळाला लावली, दम भरला आणि रेघ ओलांडली.

हुतुतू, हुतुतू, हुतुतू! देवळातली घंटा किणकिणली. पहिल्याला त्यानं पायानं मारला, दुसऱ्याला हातानं. मग म्हाळूनं त्याची कंबर धरली. अशी धरली की घोरपडच. सिदोजी रेघेकडे ओढतोय, म्हाळू मागे ओढतोय, मातीत ही चाकोरी पडली. बोटभर पुढे, बोटभर मागे. गाव ओरडतंय, ढोल वाजतोय, आणि सिदोजीचा दम चाललाय. शेवटी त्यानं अंग झोकून दिलं आणि हात रेघेला लावला.

‘जिंकला! जिंकला!’ कवठोली नाचायला लागली. फेटे आभाळात उडाले.

पण म्हाळू उठून उभा राहिला आणि म्हणाला, ‘दम आधी तुटला.’

‘न्हाई तुटला!’ आपलं गाव ओरडलं.

‘तुटला!’ त्यांचं गाव ओरडलं. लगेच दोन्हीकडून काठ्या निघाल्या. एवढ्या गलक्यात दम कुणाला ऐकू आला असणार? पण ओरडायला काय लागतं! पाटलानं दोन्ही हात वर करून सगळ्यांना थोपवलं आणि तो सिदोजीकडे वळला. ‘तुझा दम तुझ्याशिवाय कुणाला ठाऊक? बोरजाईची आण घेऊन सांग. तुटला का न्हाई?’

आता ऐका, कारण इथेच सगळं आहे.

दम तुटला होता. हात रेघेला लागायच्या तिळभर आधी तुटला होता. हे दोघांना ठाऊक होतं, सिदोजीला आणि म्हाळूला. आणि तिसरी होती ठकू. ती लहानपणापासून बापाच्या छातीवर कान ठेवून झोपायची. त्याचा दम ती गर्दीतही ओळखायची. सिदोजीनं दगडाकडे बघितलं तर पोरगी वाकळेतून डोळे एवढे मोठे करून त्याच्याकडेच बघत होती. आज तो मुद्दाम हरला नव्हता. जीव तोडून खेळला होता आणि हरला होता. हे ठकूला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे त्याला कळलं.

त्यानं तोंड उघडलं. आणि काय सांगू मंडळी, त्याचाही घसा धरला! शब्द वर आला आणि घशात बसला. ना आत जातो, ना बाहेर येतो. त्याला श्वास घेता येईना. पोरीला इतके दिवस काय होत होतं ते त्याला तेव्हा कळलं, आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. गावाला वाटलं, आनंदानं रडतोय.

तो तसाच चालत निघाला. पाय वाकलेले, मान दबलेली. डोक्यावर काही नव्हतं, पण जड भारा घेऊन माणूस चालतो तसा तो चालत आला आणि या दगडापाशी थांबला. इथे, असा. रोजच्या सवयीनं त्यानं दोन्ही हात डोक्याकडे नेले, जसं काही ओझं उतरवायचंय. आणि ते त्याला एकट्याला उतरेना. असं म्हणतात की तेव्हा आभाळात उडणारी घारसुद्धा जागच्या जागी थांबली होती.

मग मागून म्हाळू आला. आत्ता ज्यानं कंबर धरली होती तोच. त्यालाही बिचाऱ्याला ओझी वाहून वाहून ठाऊक होतं की असा उभा राहिलेला माणूस कशाची वाट बघतो. तो म्हणाला, ‘थांब गड्या. हात लावतो.’ त्यानं सिदोजीच्या डोक्यावरून, जिथे काहीच नव्हतं तिथून, भारा उचलल्यासारखे दोन्ही हात उचलले आणि दगडावर ठेवल्यासारखे केले.

सिदोजीनं पाठ टेकली. आणि त्याच्या तोंडून, जन्मभर ‘दमलो, बा’ निघायचं त्याच तोंडून, निघालं:

‘हरलो, बा!’

त्या आवाजानं बोरजाईचा डोंगर घुमला. डोंगर म्हणाला, ‘हरलो, बा!’ ओढा म्हणाला, ‘हरलो, बा!’ आणि सिदोजीनं असा श्वास घेतला की या वरच्या चिंचेची पानं त्याच्याकडे ओढली गेली. त्याला इतकं हलकं वाटलं की तो हसायलाच लागला. रडतोय आणि हसतोय, हसतोय आणि रडतोय. ‘आगं सगुणे,’ तो म्हणाला, ‘हे इतकं सोपं हुतं?’

आणि वाकळेतून आवाज आला. बारीक, खरखरीत, इतके दिवस न वापरलेला.

‘बने,’ ठकू म्हणाली, ‘मी हरले गं.’

बनू गर्दीतच होती, नाक पुसत. ती म्हणाली, ‘हां, मग? उद्या परत खेळू की.’

ठकूनं आईकडे बघितलं. ‘आये, भूक लागली.’

सगुणानं काय केलं असेल? तिला हसावं की रडावं कळेना. जवळ भाकरी नाही, काही नाही. तेव्हा म्हाळूनं कमरेची पोटली सोडली आणि गूळ-शेंगदाणे ठकूच्या ओंजळीत ओतले. पोरीनं घास चावला. सगळं गाव, सगळी आसरवाडी, काठ्या हातात तशाच धरून बघत राहिली. घास घशाखाली उतरला तशी सगुणा पोरीला छातीशी धरून म्हणाली, ‘सुटले गं बाई!’

मग काय, वारूळ फुटावं तसं झालं. ज्याच्या त्याच्या घशातलं बाहेर पडायला लागलं. एक म्हणाला, ‘मी त्या शर्यतीत हरलो हुतो, ऊन नव्हतं डोळ्यांवर.’ एक म्हातारी म्हणाली, ‘फुगडीत मीच थांबले हुते, दया-बिया काही न्हाई.’ माणसं दगडापाशी यायची, दुसरा कुणी हात लावायचा, आणि हरलो बा, हरले बा, नुसता गजर! धोंडू कुंभार काठी टेकत चावडीकडे पळाला. मालू तेली मागोमाग. धोंडूनं टोपली उचलली. सोंगट्या जशाच्या तशा होत्या. धोंडू म्हणाला, ‘मालू, हरलो बा.’ मालू त्याच्या गळ्यात पडला. म्हणाला, ‘लेका, मला वाटलं, मी जिंकायच्या आधीच मरतो.’

त्या साली पालखी आधी आसरवाडीच्या खांद्यावर चढली. कवठोली मागून चालली, आणि पुढच्यांपेक्षा मोठ्यानं गात चालली. त्या रात्री आपलं गाव असं झोपलं की सकाळी कोंबड्यांनी आरवून आरवून घसे बसवून घेतले, तरी कुणी उठलं नाही, असं म्हणतात. आणि घशाचं म्हणाल, तर त्यानंतर या गावात कुणाचं पाणी अडकलं नाही.

सिदोजी पुढेही खेळला. कधी जिंकला, कधी हरला. हरला की या दगडाशी यायचा. लोक त्याचं नाव विसरले आणि त्याला हरलोबा म्हणायला लागले. ठकूचं लग्न झालं, म्हाळूच्याच पोराशी, आणि ती सासरी सगळ्यांना सागरगोट्यांत हरवायची, असं ऐकतो. हरलोबा खूप म्हातारा झाला. एक दिवस यमाचे दूत आले. त्यांना सवय, माणूस खाटेला धरून बसतो, ओढून न्यावं लागतं. हरलोबा त्यांना म्हणाला, ‘आलात? बसा. पुष्कळ खेळलो.’ मग दगडाला पाठ टेकून म्हणाला, ‘हरलो, बा. हात लावा जरा.’ दूतांना असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. त्यांनी त्याला ओढलं नाही, पालखीत बसवून नेलं. सकाळी लोक आले तेव्हा दगडावर नुसतं त्याचं पागोटं होतं आणि मूठभर गूळ-शेंगदाणे.

तेव्हापासून या गावाची रीत आहे. सामना झाला की हरलेला या दगडापाशी येतो. जिंकलेल्यानं त्याच्या मागून यायचं, त्याच्या डोक्यावरचं ओझं उतरवल्यासारखा हात लावायचा. हरलेल्यानं मोठ्यानं म्हणायचं, ‘हरलो, बा!’ जिंकलेल्यानं विचारायचं, ‘उतरलं का?’ तो म्हणतो, ‘उतरलं.’ मग जिंकलेल्याच्या हातचा गूळ-शेंगदाणा आधी त्यानं खायचा, मग बाकीच्यांनी. चिडवायचं नाही. दुसऱ्या गावात पोरं ‘चिडका बिब्बा’ म्हणून नाचतात, ते इथे चालत नाही. आता तर परीक्षेत नापास झालेली पोरंही येतात. मागच्या निवडणुकीत पडलेला आपला उमेदवार आला होता, रडवेला होऊन. निवडून आलेल्या बाईनं हात लावला. दुसऱ्या दिवशी दोघं एका टपरीवर चहा पीत होते, मी बघितलंय.

तर असा हा आपला हरलोबा. आपला म्हणजे कवठोलीचा. इथे जन्मला, इथेच... काय गं कावेरी? मंडळी, ही माझी सूनबाई. आसरवाडीची आहे, म्हणून मघापासून गालात हसतेय. बोल, बोल. शेवटी बोलायचं असं मीच म्हणालो होतो.

‘मामंजी, सिदोजी त्याच्या आईचं पहिलंच पोर ना?’

हो. मीच सांगितलं की.

‘आणि ती आसरवाडीची लेक?’

होय गं, पण...

‘मग पहिलं बाळंतपण माहेरीच झालं असेल की. म्हणजे जन्मला कुठे?’

...

हसा. आसरवाडीवाल्यांनो, हसा पोटभर. थांबा, त्या काळात असं होतं की... ओढ्याला पूर आला असेल, बाईला जाता आलं नसेल... छे. जत्रेच्या दिवसांत झालेलं पोर, असंच मी दरसाल सांगत आलोय, आणि चैतात ओढ्याला कसला पूर?

सरक रे पोरा, दगडापाशी जागा दे. अशी ये कावेरी, पदर सावर. लाव हात. हां, असा.

हरलो, बा!

उतरलं गं, उतरलं. शेंगदाणे आण.